मागल्या बाकावरचं हसू

शिरूरकडे कारखाने नवे होते, तेव्हा मी तळेगाव ढमढेरेहून रोज एका ठरलेल्या जीपनं कामाला जायचो. मागल्या बाकावर पन्नाशीचा एक धनगर बसायचा. अंगात कंपनीचा निळा शर्ट, डोक्यावर मात्र पटका. जीपमध्ये कुणी विनोद केला की तो आधी सगळ्यांची तोंडं बघायचा, मग गुडघ्यावर थाप मारून सगळ्यांपेक्षा मोठ्यानं हसायचा.

एका सकाळी समोरचा माणूस आपल्या वारलेल्या बहिणीबद्दल सांगत होता. रडू आवरताना त्याचं तोंड वाकडं झालं, दात दिसले. तेवढ्यात मागून थाप पडली आणि तेच मोठं हसू आलं. सगळे वळून बघायला लागले.

त्यानं पटका काढून मांडीवर ठेवला. म्हणाला, "माफ करा दादा. मला ऐकू येत न्हाई. मशीनच्या आवाजानं कान गेलं. मेंढरं वळायचो तवा बघायचो, म्होरल्यानं उडी मारली की मागली समदी मारत्यात, तिथं खड्डा नसला तरी. माझं तसंच झालं."

आठवड्याभरात त्याच्या बहिरेपणावर, त्याच्यासमोरच विनोद सुरू झाले. तो आमची हसरी तोंडं बघत राहायचा. हात गुडघ्यावरच असायचा, पण थाप पडायची नाही.

मला तर प्रत्येक शब्द नीट ऐकू यायचा. तरी मी हसायचो.