दगडीपाल्याची पट्टी

काल अंगणातलं तण उपटताना हाताला दगडीपाल्याचा हिरवट, उग्र वास लागला आणि पनवेलच्या फार्मसी कॉलेजातली आमची प्रयोगशाळा आठवली. त्या पाल्याचा अर्क घालून आम्ही जखमेची सूज उतरवणारी पट्टी तयार केली होती. रुग्णालयात रीतसर परवानगीने चाचणी सुरू झाली, तेव्हा वीटभट्टीवर काम करणाऱ्या एका मावशींच्या नडगीवरच्या जखमेला ती मीच बांधली. तिसऱ्या दिवशी सूज पार उतरली होती. मी खुशीत होते, पण पट्टी सोडवताना मावशी कळवळल्या. “औषद गुनाचं हाय बाय, पन तुमची पट्टी कातडं ओढते,” त्या म्हणाल्या. मला ते फार लागलं. वर्षभर खपून आम्ही पट्टीला आतून जेलचा पातळ थर दिला आणि नव्याने परवानगी घेतली. भट्टीच्या पुढच्या हंगामात त्याच मावशी कोपर सोलून घेऊन आल्या. पट्टी बदलायच्या दिवशी “सांगून काढ गं,” म्हणत त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं आणि पदर दातांत धरला. “काढली, मावशी,” मी म्हटलं. त्यांनी आधी कोपर पाहिलं, मग माझ्या हातातली पट्टी. “मना समजलंच नाय!” म्हणून त्या मोठ्याने हसल्या. आता मी शिकवते. मुलांना हे सांगताना माझी मान आजही आपोआप ताठ होते.