पान पुसणारी बाई

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही, शाळेत रोज माझ्याशेजारी बसून डबा खाणाऱ्या देशमुखबाईंना तर नाहीच. तुम्हाला सांगते, कारण परवा पुन्हा एक आमंत्रण आलं आणि माझं डोकंच फिरलं. ‘कुमारवयीन मुलांनी काय वाचू नये’ या विषयावर बोला म्हणे. मी बोलू! का, तर चार वर्षांपूर्वी मी शाळेच्या लायब्ररीतून ‘तसली’ पुस्तकं बाहेर काढली. तेव्हापासून सोलापुरात असा काही कार्यक्रम ठरला की पहिला फोन मला. मुलांचं भलं पाहणारी बाई म्हणून! या बाईचा मला आता वीट आलाय.

भवानी पेठेतल्या एका शाळेत मी लायब्ररी सांभाळते. पालक येतात आणि विचारतात — या गोष्टीत मुलगी घर सोडून का जाते? या गोष्टीतला मुलगा मरतो कशाला? घरी हेच लोक पोरांना मांडीवर घेऊन ज्या मालिका बघतात, त्यात रोज कुणीतरी कुणाच्या तरी दुधात विष कालवत असतं. ते चालतं. पुस्तकात कुणी रडलं की यांना घाम फुटतो. ‘मॅडम, कोवळ्या मनावर परिणाम होतो की!’ होतो ना. मी कुठं नाही म्हणते? पण कसला परिणाम, हे कुणी विचारलंय का कधी?

— बघा, मी पालकांवर घसरले. हे नेहमीचंच. मूळ गोष्टीपाशी आले की मला दुसऱ्या कुणाचा तरी राग येतो. सोपं पडतं ते.

तर आधी माझं काम सांगते. परत आलेलं पुस्तक मी तसंच रॅकवर ठेवत नाही. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत चाळते. पोरं काय काय लिहितात! पुढं काय होणार ते आधीच फोडून ठेवतात, मिशा काढतात, बाण आणि बदाम काढतात. काही जण आपण हे वाचलंय हे लक्षात राहावं म्हणून ठरावीक पानावर बारीक खूण करतात. मी खोडरबर घेऊन सगळं पुसते. दर जूनमध्ये वर्गावर्गात जाऊन दम देते, की मी पान न् पान बघते, कुणी काय लिहिलं ते मला कळतंच. मोठा अभिमान होता मला या कामाचा.

त्या वर्षी एक कादंबरी आली होती. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांसाठीच लिहिलेली. त्यातल्या मुलीचे वडील बाहेर अगदी देवमाणूस, घरात आईला मारतात. आई शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगते — मोरीत पाय घसरला. आणि मुलगी हे सगळं बघत गप्प बसते. चांगलं पुस्तक होतं. मीच मागवलं होतं, हेही सांगून टाकते.

नववीतल्या एका मुलीनं ते नेलं. तिचं खरं नाव लिहीत नाही, स्नेहल म्हणू. शांत पोरगी, पहिल्या बाकावरची. तिचे वडील शाळेच्या पालक समितीत होते. गॅदरिंगला मांडव घालण्यापासून खुर्च्या उचलण्यापर्यंत सगळीकडे पुढे. मला ‘ताई’ म्हणायचे.

दिवाळीनंतरच्या पालकसभेत हेच वडील ते पुस्तक हातात घेऊन उभे राहिले. “ह्ये बघा! ह्ये वाचल्यापास्नं पोरगी येड्यावानी करायलीय. बोलत न्हाय, जेवत न्हाय. बापाकडं बघत न्हाय. असली पुस्तकं तुमी देताच कशाला, ताई?” सगळ्या हॉलनं माना वळवून माझ्याकडं बघितलं. त्यांच्या शेजारी स्नेहलची आई बसली होती. डावा हात प्लास्टरमध्ये, गळ्यात अडकवलेला. मागच्या ओळीतल्या एका बाईनं तिला हळूच विचारलं, हाताला काय झालं. ती म्हणाली, “काय न्हाय वो. मोरीत पाय घसरला.”

मी ऐकलं. मी तीन पावलांवर उभी होते.

आणि मग मी बोलले. काय छान बोलले! कोवळी मनं, अंधारे विषय, संस्कार, आपली जबाबदारी — सगळं आलं त्यात. माझ्याकडून चूक झाली, म्हटलं, अशी सगळी पुस्तकं मी स्वतः बाजूला काढते. टाळ्या पडल्या. सगळ्यात आधी वडिलांनी वाजवल्या. आई एका हातानं काय वाजवणार? ती नुसती बघत होती.

तुम्ही म्हणाल, घाबरलात, इतकंच ना? इतकंच असतं तर मी कधीच सांगून मोकळी झाले असते. सभेत घाबरणारी मी काय एकटी होते? पण सभेच्या महिनाभर आधी जे घडलं, ते राहिलंय अजून सांगायचं.

स्नेहलनं ते पुस्तक पहिल्यांदा परत केलं तेव्हा नेहमीप्रमाणे मी ते चाळलं. गोष्टीतली आई मोरीत घसरल्याचं सांगते त्या पानावर, समासात, पेन्सिलीनं लिहिलं होतं — ‘माझी आई पण असंच सांगते. खरं कुणाला सांगू?’

बारीक, सरळ अक्षर. ओळखायला कार्डवरचं नाव बघायची गरज नव्हती. तरी मी बघितलं. मग खोडरबर घेतलं आणि पुसलं. कचरा फुंकला. पुस्तक रॅकवर ठेवलं आणि डबा खायला गेले.

का? आता काय सांगू! वडील समितीत होते, माझी नोकरी तेव्हा कायम झालेली नव्हती. कारणं काढायला बसले तर आणखी दहा निघतील. मला त्यांचाही वैताग येतो. मुलीनं विचारलं होतं आणि मी पुसलं, एवढंच आहे ते.

शिवाय, ते तिनं कुणासाठी लिहिलं होतं? पुढच्या वाचकासाठी? परत आलेल्या पुस्तकाचं पान न् पान बघणारी शाळेत एकच बाई होती. ती तसं वर्गावर्गात ओरडून सांगतही होती.

आठवड्याभरानं स्नेहलनं तेच पुस्तक पुन्हा मागितलं. मी शिक्का मारला. तिनं तिथंच, माझ्या टेबलापाशी, ते पान उघडलं. पुसल्याचा करडा डाग तेवढा होता. तिनं बोटानं तो चाचपला आणि वर बघितलं. रागानं नाही — वाट बघत होती, मी काहीतरी म्हणेन म्हणून.

मी म्हणाले, “पुस्तकात लिहायचं नसतं.”

“सॉरी मॅडम,” ती म्हणाली. त्यानंतर ती बोलेनाशी झाली. पुस्तकामुळं नाही.

दहावी झाल्यावर तिला कुर्डुवाडीला मावशीकडं ठेवलं. आई इथंच आहे, दोन गल्ल्या पलीकडं. मंडईत भेटते कधीमधी. “बऱ्या हाव का मॅडम?” म्हणून तीच आधी विचारते. मी बरी आहे म्हणते, पिशवी या हातातून त्या हातात घेते आणि निघते. तिला उलटून विचारलेलं नाही. चार वर्षांत एकदाही नाही.

बाजूला काढलेली पुस्तकं माझ्याच कपाटात आहेत, किल्ली माझ्याकडं. परवा त्या आमंत्रणानंतर कपाट उघडलं. स्नेहलनं पेन्सिल दाबून लिहिलं होतं; पान खिडकीकडं तिरकं धरलं की अक्षरं अजून दिसतात. पण मला पान तिरकं धरून ती वाचायची गरज कुठं होती? मी ती तेव्हाच वाचली होती. दोनदा वाचली होती, आणि मग पुसली.