वीस मोठे गठ्ठे

कळमेश्वरच्या अलीकडे, डांबरी रस्त्याला लागूनच गिरिधरजींच्या शेताचं फाटक आहे. फाटकापाशी टिनाचं शेड, तिथून साठ पावलांचा चढ आणि चढाच्या वर गोठा. गोठ्यात चार म्हशी, एक गाय. घरात माणूस एकच. बायको पार्वतीबाई जाऊन तीन वर्षं झाली. एकुलता एक मुलगा अपूर्व बायको श्वेता आणि मुलासोबत शहरात, बेसाला फ्लॅटमध्ये राहतो आणि रामदासपेठेत एका ऑफिसात बसतो. बेसाहून या फाटकापर्यंत गाडीनं फार तर तासभर. तेवढा तास अपूर्वला अख्ख्या वर्षात दोनदा सापडला होता, आणि त्यातल्या एका खेपेला तो चहा अर्धा ठेवून उठला होता.

दरवर्षी धानाची मळणी आटोपली की मौद्याकडून भैय्याजी तणसाचा, म्हणजे भाताच्या पेंढ्याचा ट्रक घेऊन यायचा. दोघांची तीस वर्षांची दोस्ती. औंदा मात्र ट्रक भरण्याआधी त्यानं फोन केला.

"गिरिधर, या साली दोन टाइपचे गठ्ठे आहेत गा. लहान चौकोनी, पंधरा-पंधरा किलोचे. अन् मोठे गोल, अडीचशे किलोचा एक. तू एकटा मानूस, तुले लहानच देतो."

"मोठे दे."

"येडा झाला का? थो गठ्ठा एकट्यानं हालत नाही. लोटाले दोघं लागतात."

"माहा पोरगा येईन ना."

"मंग गोठ्यापाशीच उतरवून देतो. ट्रॅक्टर बलावतो एखादा."

"नाही. फाटकापाशीच उतरव."

"काहून गा?"

"सांगतलं ना एकदा!" असं म्हणून गिरिधरजींनी फोन ठेवला.

कारण सांगण्यासारखं नव्हतंच. पाच जनावरांना एक मोठा गठ्ठा बरोबर सात दिवस पुरतो. वीस गठ्ठे म्हणजे पोराचे वीस रविवार, थेट एप्रिलपर्यंत. या माणसानं जन्मात कधी पोराला "ये" म्हटलं नव्हतं. पार्वतीबाई होती तेव्हा फोनवर तीच म्हणायची, आणि हे शेजारी बसून "त्याले काम असन, काहून मांगं लागतं वं" म्हणून तिलाच दटावायचे. आता म्हणणारं कोणी राहिलं नव्हतं. तोंडातून शब्द निघत नाही म्हणून अडीचशे किलोच्या तणसाला बोलायला लावणारा बाप होता हा. हसू येतं, पण हसवत नाही.

गठ्ठे आले, टिनाच्या शेडात रांगेनं लागले. गिरिधरजींनी अपूर्वला फोन केला. "गठ्ठे मोठे आले गा. माह्यानं एकट्यानं नाही लोटले जात."

"मोठे काहून घेतले बाबा?"

"लहान नव्हते त्याच्यापाशी," ते म्हणाले. साठ वर्षं पार केलेला माणूस, पण खोटं बोलताना कान तापले.

पहिल्या रविवारी अपूर्व आला. पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडून त्यानं खांदा लावला. चार पावलं लोटायचं, गठ्ठा मागे येऊ नये म्हणून खाली दगड सरकवायचा, दम घ्यायचा, पुन्हा लोटायचं. दगड सरकवणं गिरिधरजींकडे होतं. चढाच्या मध्यावर गठ्ठा तिरपा झाला आणि दोघंही बाजूला पडले, तेव्हा अपूर्व लहानपणी हसायचा तसा पोट धरून हसला. मग वांग्याचं भरीत आणि भाकर. जाताना दगड शेडात ठेवत तो म्हणाला, "हा आपला दगड, बाबा. एप्रिलपर्यंत जपून ठेवा." गिरिधरजी त्या आठवड्यात म्हशींशीसुद्धा गोड बोलले.

दुसऱ्या रविवारी तो आला, पण घड्याळ पाहत लोटत होता, आणि भाकर डब्यात घेऊन गेला. तिसऱ्या रविवारी अपूर्वचा फोन आला: त्याच्या मुलाची स्पर्धा आहे. वरचा गठ्ठा संपला होता. गिरिधरजींनी शेडातला गठ्ठा तिथेच सोडला आणि तणस कवेत धरून आठवडाभर दिवसातून सहा खेपा चढ चढले. कंबर धरली. अपूर्वनं फोनवर विचारलं तर म्हणाले, "जमते मले." आपण काय बोलून बसलो हे फोन ठेवल्यावर त्यांच्या ध्यानात आलं, आणि स्वतःचाच राग आला.

चौथ्या रविवारी त्यांनी सकाळीच वांगी भाजली, दोन माणसांची. दहाच्या सुमारास फाटकापाशी आवाज झाला. ते लगबगीनं खाली उतरले. पुढे लोखंडी काटे लावलेला ट्रॅक्टर उभा होता, वर अनोळखी पोरगा.

"रोशन म्हणतात मले. अपूर्वदादानं पाठवलं. सगळे गठ्ठे गोठ्यापाशी नेऊन द्या म्हणे."

"सगळे?"

"सतराच तर आहेत काकाजी. तासाभराचं काम."

तासही लागला नाही. काटा गठ्ठ्यात घुसायचा, गठ्ठा उचलला जायचा, चढावरून वर जायचा. गिरिधरजी शेडाच्या खांबाला टेकून पाहत राहिले. वर जाणाऱ्या एकेका गठ्ठ्यासोबत एकेक रविवार गेला: माघ गेला, फाल्गुनातला होळीचा रविवार गेला, एप्रिल गेला. रोशनला भाकर खाऊन जा म्हटलं तर त्याला पुढे दुसरीकडे जायचं होतं.

तेवढ्यात अपूर्वचा फोन. आवाजात मोठी कामगिरी केल्याचा आनंद. "झालं ना बाबा? एक सांगा, मी भैय्याजीकाकांना लहान गठ्ठे बदलून देता का म्हणून फोन केला होता. ते म्हणाले, लहान तर ढीगभर होते, तुमीच मोठे मागितले."

आता तरी याला कळेल, असं गिरिधरजींना वाटलं. त्यांनी फोन कानाला घट्ट लावला.

"विसरले असान तुमी," अपूर्व मायेनं म्हणाला. "होते या वयात. श्वेता म्हणते, एकदा डॉक्टरले दाखवून आणू. पण आता टेन्शन नाही. आता तुमाले कोनाचीच वाट पाहाचं काम नाही."

"नाही," गिरिधरजी म्हणाले.

फोन खिशात टाकून ते शेडात गेले. शेड झाडल्यासारखं रिकामं झालं होतं, कोपऱ्यात तो दगड तेवढा राहिला होता. त्यांनी तो दोन्ही हातांनी उचलला, कंबर कळवळली तरी रस्ता ओलांडून नेला आणि पलीकडच्या नालीत फेकून दिला.