चिठ्ठीखालचं नाव

आमच्या वस्तीवरच्या शाळेत चौथीपर्यंतच वर्ग होते. चौथीत गुरुजींनी पत्र लिहायला शिकवलं. वर उजवीकडं गाव, मग मजकूर, आणि खाली ‘आपली आज्ञाधारक’ लिहून पूर्ण नाव. नाव नसलेलं पत्र म्हणजे बिनतोंडाचा माणूस, असं गुरुजी म्हणायचे. मला ते पक्कं पाठ झालं होतं.

आक्काला लिहिता येत नव्हतं. ती माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. मी झाले तेव्हा मला सांभाळायला म्हणून तिला शाळेतून काढलं, ते काढलंच.

त्या काळात आमच्या राहुरीच्या बाजूला एका गटाच्या कॅसेटी घरोघर वाजायच्या. दोन भाऊ, त्यांचा एक कीबोर्डवाला दोस्त आणि एक गाणारी मुलगी. त्यांचं निळ्या सायकलीचं गाणं आक्काला फार आवडायचं. गुरांसाठी घास कापताना तेच, शेण काढताना तेच. फीत गुंतली की ती पेन्सिल घालून हळूहळू गुंडाळायची आणि मला म्हणायची, “हात लावू नको गं, तुटली तर जीव दीन मी.”

एका वर्षी तो गट आमच्या गावच्या यात्रेला आला. ऑर्केस्ट्राला फर्माईशीच्या चिठ्ठ्या जायच्या, निवेदक त्या माईकवर वाचायचा. चिठ्ठ्या पुरुषांच्या बाजूनंच जायच्या. आक्कानं दुपारी मला गोठ्यामागं नेलं. “तुला येतंय ना लिव्हायला? मग लिही. निळ्या सायकलीचं गानं म्हना. बास, येवढंच.”

मी वहीचा कागद फाडला आणि शाळेत शिकवलं तसं लिहिलं. वर वस्तीचं नाव, खाली आपली आज्ञाधारक, आणि आक्काचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. मला वाटलं, इतकी चांगली चिठ्ठी कुणाचीच नसेल. आक्काला वाचता येत नव्हतं. तिनं घडी घालून चुलतभावाच्या हातून ती पाठवून दिली.

निवेदकानं ती सगळी वाचली. ‘आपली आज्ञाधारक’ तर दोनदा वाचलं, आवाज लांबवून. पुरुषांच्या बाजूनं शिट्ट्या सुरू झाल्या. कुणीतरी ओरडलं, “कुनाची रं आज्ञाधारक?” सगळं मैदान हसलं. आक्कानं माझा हात धरला होता. गाणं सुरू झालं तेव्हा तिनं तो सोडून दिला.

घरी आमच्या वडिलांनी, आप्पांनी, विचारलं, “हिला अक्षर येत न्हाई. मग चिठ्ठी लिव्हली कुनी? कोन पोरगा हाय?” मग ते माझ्याकडं वळले. “तू लिव्हलीस का गं?”

मी नाही म्हणाले.

आक्कानं माझ्याकडं एकदा पाहिलं. तिनं नुसतं बोट केलं असतं तरी भागलं असतं. तिनं केलं नाही. कासऱ्यानं मार खाल्ला तरी केलं नाही.

महिन्याभरात तिचं लग्न लावलं. पाथर्डीकडं, उसाच्या तोडीला जाणाऱ्या घरात. आमच्याकडं मुळा नदीचं पाणी, घरचा ऊस; आमच्या पाहुण्यांत अशी सोयरीक कुणी केली नव्हती. पण पोरीचं नाव चव्हाट्यावर आलं म्हटल्यावर आप्पांना घाई झाली होती. तिसऱ्या वर्षी तोडीवर ऊस भरायला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला लावलेल्या फळीवर चढताना आक्का डोक्यावरच्या मोळीसकट पडली. तिला दिवस गेलेले होते. आम्ही पोचलो तेव्हा सगळं उरकलं होतं. आप्पा त्यानंतर बरीच वर्षं जगले. मी त्यांनाही सांगितलं नाही.

यंदा लेकीनं मोबाईलवर एक जाहिरात दाखवली. “आई, बघ, तुझे कॅसेटवाले. पुन्हा एकत्र आलेत म्हणे, यात्रा-यात्रांना फिरतायत.” ते चौघं होते. केस काळे केलेले, चेहरे सुजल्यासारखे.

मी चिठ्ठी लिहिली. लिहायला चार दिवस लागले. निळ्या सायकलीचं गाणं म्हणावं. आक्काचं नाव. ती आता नाही. आणि शेवटी असं, की तेव्हाची चिठ्ठी कुणा मुलानं लिहिली नव्हती, मी लिहिली होती. खाली माझं नाव. माईकवरून तिचं नाव गेलं, तसंच माझंही जावं, एवढंच मला हवं होतं.

राहुरीच्या कार्यक्रमाला चिठ्ठी माझ्या मुठीत राहिली. गोळा करणारी मुलगी जवळ आली, “मावशी, काय द्यायचंय का?” मी नाही म्हणून मान हलवली. राहात्याला मी एसटीनं गेले. नवरा म्हणाला, “तुला भाजी आनायला पाठवली तर लाजतीस, अन् आता गानेवाल्यांच्या मागं गावोगाव व्हय?” तिथं मी चिठ्ठी दिली, पण ढिगातल्या पाच-सहाच वाचल्या. गाणारी बाई आता खुर्चीवर बसून गाते. वरचा सूर आला की ती नुसते ओठ हलवते आणि आवाज मशीनमधून येतो. शेजारची पोरं त्यावर हसत होती. मला त्या बाईची कीव आली, आणि धीरही आला. ती सगळ्यांपुढं बसते तरी.

दौऱ्याचा शेवटचा कार्यक्रम पाथर्डी तालुक्यात, आक्काच्या सासरच्या गावच्या यात्रेत होता. मी पुन्हा लिहिलेली चिठ्ठी घेऊन ऊन असतानाच पोचले आणि स्टेजमागं जाऊन निवेदकाच्या हातात दिली. एवढं मी आयुष्यात कधी केलं नव्हतं.

त्यानं ती तिसरीच काढली. “फर्माईश आहे निळ्या सायकलीची!” आणि त्यानं आक्काचं नाव घेतलं, नीट, आदरानं. मग त्याची नजर कागदावरून खाली गेली. पुढचा लांब मजकूर न वाचताच त्यानं घडी घातली. “कुठं बसल्यात ताई? लाजू नका, हात दाखवा!”

मी उठून हात वर केला. सांगायचं होतं म्हणून केला. पण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. निवेदक म्हणाला, “बघा, अजून आमच्यावर जीव लावणाऱ्या ताई आहेत!” खुर्चीवरच्या बाईनं मला नमस्कार केला. गाणं सुरू झालं. मी आक्का म्हणून खाली बसले.

शेजारी एक म्हातारी होती. ती वाकून म्हणाली, “तुमचंबी तेच नाव का? आमच्या भावकीत त्या नावाची एक सून हुती. फळीवरून पडून गेली, बिचारी. तोडीवर हेच गानं म्हनायची.”

“हो का,” मी म्हणाले.

“कुन्या पोराच्या चिठ्ठीवरून माहेरच्यांनी इकडं ढकलली म्हनं. नवरा त्याच्यावरून लई मारायचा तिला. त्या पोराचं नाव सांग म्हनायचा. तिनं न्हाई सांगितलं.” मग तिनं माझ्या तोंडाकडं निरखून पाहिलं. “तुमी कुठल्या?”

“राहुरीकडची.”

“मंग तुमच्या वळखीची असंल की. कोन लागायची तुमची?”

स्टेजवर मशीन गात होतं.

“कोणी नाही,” मी म्हणाले.

म्हातारी मान डोलावून पुन्हा समोर बघू लागली. मी गाणं संपेपर्यंत बसले, मग उठून स्टँडवर आले.

हे वहीत लिहून झाल्यावर खाली नाव घालायला पेन टेकवला. गुरुजींनी शिकवलेलं अजून विसरलेले नाही. जागा सोडून ठेवली आहे.