अप्पांच्या चालींसाठी रेकॉर्डर

अप्पांच्या गळ्यात थायरॉइडची गाठ निघाली आणि ऑपरेशनची तारीख बारा दिवसांनंतरची मिळाली. डॉक्टर घाई न करता बोलले. गाठ साधी वाटतेय, पण मोठी आहे, काढावी लागेल. मग कागदावर चित्र काढून म्हणाले, "आवाजाची नस इथूनच जाते. आम्ही जपतोच, तरी आवाज बदलू शकतो. कुणाचा काही महिने, कुणाचा कायमचा."

अप्पांनी मान डोलावली आणि विचारलं, "भाकर कधीपासून खाता येईल?"

मला मात्र त्या क्षणापासून दुसरं काही सुचेना. माझे वडील न्हावा शेव्याला कंटेनर यार्डात कारकून होते, आता निवृत्त आहेत. पण जुईनगरच्या बुद्धविहारात त्यांना सगळे ओळखतात ते गाण्यामुळे. मराठवाड्यात गावाकडे होते तेव्हापासून ते स्वतः गाणी रचतात आणि पेटीवर गातात. चाळीसेक गाणी एका वहीत आहेत. वहीत नुसते शब्द. कित्येक चाली फक्त अप्पांच्या गळ्यात.

आधी मोबाइलवर रेकॉर्ड करून बघितलं. पेटीचा सूर चढला की फोन आपणहून आवाज दाबायचा. अप्पा लांबून, पाण्याखालून गातायत असं ऐकू यायचं. वर मध्येच कुणाचा तरी कॉल. शिवाय मी समोर फोन धरून बसले की ते अडखळायचे. "अख्ख्या विहारापुढं गाईन मी, पण तू अशी बसलीस की परीक्षेला बसल्यावानी वाटतं," ते म्हणाले. आणि मी दिवसभर बेलापूरला ऑफिसात. म्हणजे त्यांना एकट्याला चालवता येईल असं यंत्र हवं होतं.

सीवूड्सला वाद्यांचं एक दुकान आहे, तिथे गेले. दुकानदाराने आधी आठ ट्रॅकचं मशीन काढलं. त्याची इतकी बटणं मलाच कळेनात. दुसरं पेनाएवढं होतं, भाषणं टिपायला ठीक, गाण्याला नाही. शेवटी मुठीत मावणारं एक दाखवलं. वर दोन माइक, खाली मोठं लाल बटण, आत कार्ड, आणि साधे सेल घालून चालणारं.

"वडील वापरणार आहेत," मी म्हटलं. "गायचं, बंद करायचं, एवढंच."

"मग हेच घ्या, मॅडम. पेटीपासून दोन हात लांब ठेवा. आवाज फाटणार नाही."

तो अजून बरंच सांगत होता. माझं अर्धं लक्ष घड्याळात होतं. घरी येऊन मी लाल बटण दाबलं, नीट दाबलं गेलं नाही असं वाटून पुन्हा दाबलं, दोन ओळी गुणगुणले. ऐकलं तर स्वच्छ. अप्पांना सांगितलं, "हे लाल बटण दाबायचं, दिवा लागला की गायचं. झालं की बाजूचा खटका ओढून बंद करायचं. बस."

चार दिवस मी ऑफिसातून आले की विचारायचे, "झालं का?" ते सांगायचे, "आज सात झाली." "आज नऊ." ऐकू मात्र द्यायचे नाहीत. सगळी झाल्यावर ऐक, म्हणायचे. मी मनातल्या मनात बेरीज करायचे.

शनिवारी दुपारी राहवलं नाही. सोमवारी ॲडमिट व्हायचं होतं. अप्पा झोपले होते. कार्ड लॅपटॉपला लावलं. त्यावर एकच फाइल होती, माझ्या त्या दोन ओळींची.

तेव्हा कुठे मी माहितीपत्रक उघडलं. बटण एकदा दाबलं की यंत्र नुसतं तयार होतं, दिवा लुकलुकतो. दुसऱ्यांदा दाबलं की रेकॉर्डिंग सुरू होतं, दिवा स्थिर राहतो. मी चुकून दोनदा दाबलं होतं, आणि त्यांना एकदाच दाबायला शिकवलं होतं.

स्वयंपाकघरात जाऊन आईला सांगितलं. तिने गॅस बंद केला. "आत्ताच सांग त्यांना," ती म्हणाली. "ऑपरेशननंतर कळलं तर काय तोंड दाखवशील?"

अप्पा उठल्यावर सांगितलं. त्यांनी यंत्र हातात घेऊन उलटसुलट बघितलं.

"चार दिवस मी भिंतीला गाऊन दाखवलं?"

"माझं चुकलं, अप्पा."

"दिवा लागला होता की. मी बघूनच गात होतो." आवाज चढला आणि लगेच बसला. गळा आधीच दमलेला होता. मग म्हणाले, "रडायलीस कशाला? वही आण."

पेन्सिल घेऊन ते एकेका गाण्यावर खूण करत गेले. "हे विहारात सगळ्यांना पाठ हाय, राहू दे. हे बी राहू दे. हे कुणालाच येत नाही." शेवटी चौदा उरली. रविवारी सकाळी पेटी काढली. मी समोरच बसले. आता त्यांनी हरकत घेतली नाही. माझी नजर दिव्यावरून हलली नाही. दोन गाण्यांनंतर ते कोमट पाणी प्यायचे. दहाव्या गाण्याच्या अंतऱ्याला थांबले. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तिथेच थांबले. बोटं पेटीवर चाचपडत राहिली.

"काय झालं?"

"चाल येईना. परवा आली होती, चांगली आली होती."

तिसऱ्यांदाही आली नाही. मी वहीचं पान उलटलं. उरलेली चार त्यांनी गायली.

ऑपरेशन नीट झालं. गाठ साधीच निघाली. आवाज महिनाभर नुसता कुजबुजल्यासारखा होता, मग खालचे सूर परत आले. वरचे अजून आलेले नाहीत. ते तेरा गाण्यांचं रेकॉर्डिंग मी विहारात गाणाऱ्या दोघींना दिलंय. त्या दर रविवारी घरी येऊन गातात, अप्पा पेटी धरतात, चुकलं की हात वर करून थांबवतात.

त्या राहिलेल्या गाण्याला नवी चाल लावा, असं मी एकदा सुचवलं. त्यांनी वही मिटली. "त्याची चाल ठरलेली होती," म्हणाले, आणि दुसरं गाणं घेतलं.