आत्या तापाने गेली नाही

तार आली तेव्हा अण्णा कचेरीतून नुकतेच परतले होते आणि शेरवानीची बटणं काढत होते. नांदेडला आमच्या घरी तार म्हणजे वाईटच बातमी, म्हणून आईने ती हातात घेतलीच नाही. मजकूर इंग्रजीत होता. अण्णांची सगळी वकिली उर्दूत चालते, त्यामुळे वाचायचं माझ्याकडे आलं. अनसूयाबाई गुलमर्गच्या उतारावर पडल्या, डोक्याला मार लागला, तिसऱ्या दिवशी गेल्या... एवढंच होतं. अण्णांनी काढलेलं बटण पुन्हा लावलं. मग म्हणाले, "कुणी विचारलं तर ताप म्हणायचं. ताप आला आणि गेली." पुढे वर्तमानपत्राला दिलेल्या चार ओळींतही 'अल्पशा आजाराने' असंच छापून आलं. तेव्हा मी काही बोलले नाही. मी सहसा बोलत नाही. पण आज सहा आठवडे झाले आणि ते खोटं घरात रुळायला लागलं आहे, म्हणून लिहिते आहे.

अनसूयाआत्या अण्णांची मोठी बहीण. सतराव्या वर्षी विधवा झाली, मग हट्टाने शिकली आणि हैदराबादला एका जहागीरदारांच्या दोन मुलींना शिकवायला राहिली. एका हिवाळ्यात ते कुटुंब काश्मीरला गेलं, तेव्हा आत्याही गेली. तिथे साहेबलोक पायाला लांब लाकडी फळ्या बांधून बर्फावरून घसरत डोंगर उतरत. त्यांना स्की म्हणतात. दोन्ही मुलींनी दुकानातल्या सगळ्यांत लांब, चकचकीत स्की उचलल्या आणि आठवड्याभरात खेळ सोडला. आत्या मात्र दुकानात दीड तास बसली. ती सांगायची, "लांब घेतलं की शान वाटते गं. पण वळायला आपल्यालाच लागतं, शानीला नाही." तिने हात वर करून उभी स्की मनगटापर्यंत येते का ते पाहिलं. लाकडाच्या रेषा टोकापासून टोकापर्यंत सरळ जातात का, ते उजेडात धरून पाहिलं. मग दोन्हींचे तळ एकमेकांना लावून मधली फट मुठीने दाबून मिटते का, तेही पाहिलं. मिटली नाही, तर ती स्की आपल्या वजनाला कडक. दुकानदार कंटाळला. आत्या कंटाळली नाही. तेव्हा ती चाळिशीला आली होती. त्यानंतर जहागीरदारांची थोरली मुलगी तिला दर हिवाळ्यात काश्मीरला बोलावत राहिली आणि आत्या जात राहिली.

ती स्की घेऊन पहिल्यांदा नांदेडला उतरली, तेव्हा स्टेशनवरच अण्णा म्हणाले होते, "अक्का, हे काय करून राहिलीस? इथं बर्फ कुठंय?"

"बर्फ तिथं आहे बापू, मी इथं आहे. पाय तर माझ्याजवळच आहेत ना?"

इकडच्या मुरूडजवळ आमचं शेत आहे. त्याच्या वरच्या अंगाला माळाचा उतार आहे. दिवाळीनंतर तिथलं कुसळी गवत वाळून असं आडवं पडतं की चप्पल ठरत नाही. मी हैदराबादच्या शाळेतून सुट्टीला आले की आत्या मला तिथे नेई. नऊवारीचा कासोटा घट्ट खोचायचा आणि पायांना स्की बांधायच्या. शेतावरची कोंडाबाई विळा टाकून बघायला आली. "अनूबाई, ह्ये नांगराचं फाळ पायाला कशापाई वो?" दोन खेपा बघितल्यावर तिने सल्लाही दिला, "गाडीच्या आसाला लावत्यात तसं वंगण लावा की. लई पळंल." आत्याला ते पटलं. आम्ही दोन्ही फळ्यांना वंगण चोपडलं आणि मी आत्याला मागून ढकललं, तर चार हातांवर माळाची सगळी धूळ अन् कुसळं तळाला चिकटून आत्या खांबासारखी उभी. कोंडाबाई हसून हसून खाली बसली. "न्हाई बाई, ह्ये बैलाबिगर चालायचं न्हाई." संध्याकाळभर आम्ही राखेने तळ घासत होतो.

मला ती एकच गोष्ट पुन्हा पुन्हा शिकवायची. उतार दिसला की माणूस भिऊन मागे झुकतं आणि तिथेच पडतं, कारण भार टाचेवर गेला की फळी ऐकत नाही. गुडघे वाकवायचे, अंग उताराकडे द्यायचं. थांबायचं असेल तर टोकं जवळ, टाचा लांब. वळताना भार बाहेरच्या पायावर. "आणि पडायचंच असेल तर कडेला, डोंगराच्या अंगावर पड. पडणं काही गुन्हा नाही." मी पंचवीस वेळा पडले असेन. ती प्रत्येक वेळी वरून विचारायची, "कुठल्या पायावर होतीस?" लागलं का, हे कधीच नाही.

आता खरं ठाऊक असलेली घरची माणसं म्हणतात, पन्नाशी उलटलेल्या बाईला हे कुणी सांगितलं होतं. कुणीच नाही. तिचं तिनेच ठरवलं होतं. जहागीरदारांच्या थोरलीचं पत्र आलं आहे. दुपारच्या उन्हाने वितळलेला बर्फ सावलीत पुन्हा काचेसारखा गोठला होता. आत्या तोच उतार सकाळी दोनदा स्वच्छ उतरली होती. संध्याकाळी तिसऱ्यांदा उतरताना स्कीच्या कडेने बर्फ धरला नाही. स्की चुकीच्या नव्हत्या, तंत्र कच्चं नव्हतं, ती वेडीही नव्हती. घोड्यावरून पडून गेलेल्या पुरुषाला कुणी ताप आला म्हणत नाही.

मागच्या आठवड्यात रेल्वेच्या पार्सलने तिच्या स्की आल्या. अण्णा म्हणाले, माळ्यावर टाका. मी त्या बैठकीत, पक्षकार बसतात त्या भिंतीला उभ्या केल्या. अण्णांनी पाहिलं. मी मान खाली घातली, पण स्की हलवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी धर्माबादचे एक म्हातारे पक्षकार आले. कागदपत्रं ठेवून त्यांनी विचारलं, "वकीलसाब, ह्ये काय हाय?" मी दारात होते. अण्णांनी माझ्याकडे बघितलं, मग दौतीकडे...

"अक्काच्या आहेत," ते म्हणाले. "बर्फाचा डोंगर उतरायच्या. उतरतानाच पडून गेली ती."

म्हातारे उठले, एक फळी दोन्ही हातांनी उचलून पाहिली. "हलकी हाय की."

"हाव," अण्णा म्हणाले. "तिनंच निवडली होती."