खिडकीतल्या उपड्या बाटल्या

काशिनाथमामा गेल्याचं मला सरळगावच्या स्टँडवर कळलं. शहापूरहून आलेल्या एसटीतून उतरून मी मुरबाडच्या गाडीची वाट बघत होते, तेवढ्यात कॉलेजच्या शिपायाचा फोन आला. "मॅडम, आज येऊ नका, कॉलेज बंद राहणार आहे," असं आधी म्हणाला, मग जरा थांबून, "आपले मामा गेले पहाटे." मी "बरं" म्हणाले. माणूस गेल्याचं ऐकून बरं म्हणणारी बाई त्याला पहिल्यांदाच भेटली असेल. पण गेली चार वर्षं मला कुठल्याही निरोपावर तेवढं एकच उत्तर द्यायची सवय झाली होती. अर्ज नाकारला, बरं. मुलाखतीला बोलावलंय, बरं. कळवू, बरं. आनंद व्हायलाही अंगात थोडं बळ लागतं आणि ते माझ्याकडे उरलं नव्हतं. मुरबाडच्या दोन गाड्या समोरून गेल्या आणि मी बाकड्यावर बसूनच राहिले. पहिली गोष्ट मनात आली ती अशी की आता त्यांना खरं सांगायचं राहिलं.

मामा आमच्या कॉलेजच्या प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर होते. येत्या मे महिन्यात निवृत्त व्हायचे होते. मी तिथंच बी.एस्सी. केलं, कल्याणला एम.एस्सी. केलं आणि परत तिथंच तासिका तत्त्वावर शिकवायला आले. दर जूनला नवी नेमणूक, दर मे महिन्यात पुन्हा घरी. मुलांसमोर ते मला मॅडम म्हणत, पण त्या 'मॅडम'मध्ये थोडी थट्टा असे, कारण पहिल्या वर्षाला असताना खेकडा हातात धरायला घाबरून मी स्टुलावर चढले होते, ते त्यांनी पाहिलेलं. मुलं बाहेर गेली की मग "काय गो बाय, चहा ठेवू?" टोकावड्याच्या पुढे त्यांचं गाव, घरची भातशेती. ओढ्याकाठचं बीळ नुसतं बघून आत मुठा खेकडा आहे की चिंबोरी हे सांगायचे. मी पुस्तकं उघडून पायांची, नांग्यांची मापं घेत बसायची आणि तासाभराने त्यांच्याच उत्तरापाशी पोचायची. "झालं काय तुझं? मी मगाशीच बोललो ना," असं म्हणून ते पुढच्या बिळाकडे गेलेले असत. माझा खेकड्यांचा नाद हा त्यांनी लावलेला नाद. अर्जांत मात्र मी वेगळंच, मोठं मोठं लिहायची.

प्रयोगशाळेत त्यांचे दोन नियम होते. लेबल पेन्सिलीनेच लिहायचं, कारण शाई फुटते. आणि बाटलीचं काम संपलं की ती धुवून खिडकीच्या कट्ट्यावर उपडी ठेवायची. सरळ उभी बाटली म्हणजे कोणाची तरी, उपडी म्हणजे मोकळी, कोणीही घ्या. मुलं तरी विचारायची, "मामा, ही घेऊ का?" आणि ते ठरलेलं उत्तर द्यायचे, "उपडी हाय ना? मग इचारतेस काय?" एकदा विभागप्रमुखांच्या कपाटात चार रिकाम्या बाटल्या सरळ उभ्या सापडल्या, तर मामांनी त्यांनाही ऐकवलं. बाटल्या लगेच खिडकीत गेल्या. माझ्या कपाटातही एक होती. डोळखांबकडच्या एका ओढ्यात मला एक लालसर खेकडा एकदाच दिसून निसटला होता, त्याच्यासाठी मोठ्या तोंडाची बाटली मी धरून ठेवली होती. लेबलसुद्धा मामांकडून आधीच लिहून घेतलं होतं. ओढ्याचं नाव, माझं नाव, तारखेची जागा मोकळी. दोन पावसाळे गेले, खेकडा काही परत दिसला नाही, आणि मामा कपाट उघडलं की त्या बाटलीकडे बघून नुसते हुं करायचे.

पीएच.डी.साठी मी चार वर्षं अर्ज करत होते. पहिली दोन वर्षं कोणी उत्तरही दिलं नाही. तिसऱ्या वर्षी एका ठिकाणी प्रतीक्षायादीत नाव लागलं आणि पूर्ण उन्हाळा मी आमच्या आटगावच्या घराच्या गच्चीवर रेंज शोधत काढला. आई खालून हाक मारायची, "जेवायला ये गो, तो मेल काय पळून जातोय?" मेल आलाच नाही. यंदा जानेवारीपासून परत तेच. मुलाखती झाल्या, मग गप्प. रोज दहा वाजता प्रयोगशाळेत पाऊल टाकलं की मामा एक शब्द विचारायचे, "आलं?" मी मान हलवायची, ते बर्नरवर चहाचं भांडं ठेवायचे. धीर धर, होईल सगळं, असलं ते कधी बोलले नाहीत. त्याबद्दल मी त्यांची फार ऋणी आहे, कारण धीर धरायला सांगणाऱ्यांचा मला त्या दिवसांत भयंकर राग यायचा.

आणि मग मार्चमध्ये दहा दिवसांच्या आत दोन ठिकाणांहून होकार आले. पहिला दक्षिणेतल्या एका संस्थेचा. तिथल्या बाई सह्याद्रीतल्या ओढ्यांच्या खेकड्यांवरच काम करतात, म्हणजे मला डोळखांबलाही येता आलं असतं. दुसरा परदेशातल्या एका मोठ्या विद्यापीठाचा. तिथं फळमाश्यांवर काम होतं. मामांनी विचारलं, "खेकडे कुठं हायेत?" मी सांगितलं. "आणि दुसरीकडं?" "माश्या. बाटलीत वाढवलेल्या." "मंग त्यात ठरवायचं काय?" ठरवायचं काहीच नव्हतं. दोन दिवसांत मी दक्षिणेला होकार कळवला. परदेशाला एका ओळीत नकार कळवायचा होता. एप्रिलच्या मध्यापर्यंत मुदत होती, आणि कोणाचा नकार आला की त्यांच्या प्रतीक्षायादीतल्या पुढच्याला बोलावतात, असं त्यांच्या पत्रातच लिहिलेलं होतं.

ती एक ओळ माझ्याच्याने लिहवेना. तिकडे जायचं नव्हतं, हे मला पक्कं ठाऊक होतं. पण चार वर्षं लोकांनी मला नाही म्हटलं होतं आणि आता कुठे कोणीतरी एवढं मोठं 'या' म्हटलं होतं. आईने ते पत्र आळीभर सांगितलं होतं. शहापूरच्या बाजारात बाबांना लोक थांबवून विचारत, "काय, पोरगी फॉरेनला चालली म्हणे?" बाबा नाय पण म्हणत नसत आणि हो पण म्हणत नसत. मी एसटीत बसले की ते पत्र उघडायची, पहिली ओळ वाचायची आणि बंद करायची. यात कसला मोठा विचार नव्हता, निव्वळ हाव होती.

मामांचा प्रश्न मात्र बदलला होता. आता ते "आलं?" ऐवजी "कळवलंस काय?" विचारायचे. मी म्हणायची, कळवते. एकदा टेबल पुसता पुसता म्हणाले, "आवणीच्या टायमाला आपल्या खाचरापुरती भाताची रोपं घेतली की उरलेलं आवण आमी लगेच शेजाऱ्याला सांगतो. ज्याचा रोपांचा राब कुजून गेला असंल तो येऊन उपटून नेतो. चार दिवस उशीर केलास, मग तू दिलंस तरी ते त्याच्या काय कामाचं?" मी म्हणाले, "मामा, मुदत आहे अजून." ते म्हणाले, "मुदत तुला हाय गो. तो तिकडं बसलाय त्याला कुठं हाय?" मला राग आला. प्रतीक्षायादीत उन्हाळा काढलेली मी, मला हे शिकवतात... पण राग आला तो बरोबर बोलले म्हणूनच आला.

एप्रिलच्या सुरुवातीला एका दुपारी त्यांनी परत विचारलं. पेपर तपासून डोकं उठलं होतं. मी वर न बघताच म्हणाले, "हो, कळवलं." एवढंच. म्हटलं, घरी गेल्यावर कळवूनच टाकू, म्हणजे खोटंही राहणार नाही. मामांनी हातातलं फडकं खाली ठेवलं आणि समोरच्या स्टुलावर बसले. ते कामाच्या वेळात कधी बसत नसत. "बरं केलंस," म्हणाले. मग बाहेर बघत सांगायला लागले. बारावी झाल्यावर त्यांनी मास्तरकीच्या कोर्सला अर्ज केला होता, निवडयादीच्या खाली, प्रतीक्षेत, पहिलंच नाव त्यांचं लागलं. एक जागा अडकली होती, वरचा मुलगा येतो म्हणाला होता. मामा रोज सायकलवर जाऊन तिथला यादीचा फळा बघून यायचे. "तो आलाच नाय. त्याला दुसरीकडं बरं मिळालं होतं. त्यानं सांगितलं पण नाय, आणि ह्यांनी वाट बघून यादी बंद केली. ती जागा वरीसभर तशीच होती. मी नंतर एकदा जाऊन बघितलं, बाक मोकळं होतं." मी विचारलं, "राग नाही आला?" "त्याला कुठं ठाव होतं मी फळ्यापाशी हाय ते," असं म्हणून ते उठले आणि फडकं घेऊन पुढच्या टेबलाकडे गेले.

त्याच वेळी सांगायला हवं होतं. निदान घरी जाऊन ती ओळ तरी लिहायला हवी होती. लिहिली नाही. त्या दिवशी जमलं नाही, दुसऱ्या दिवशी लाज वाटली, आणि मग लाज वाटते म्हणून ते पत्र उघडायचंच बंद केलं. पुढच्या आठवड्यात मामांच्या छातीत दुखायला लागलं. कल्याणला चार दिवस ठेवून घरी सोडलं. मी भेटायला गेले तेव्हा ओटीवर खाटेवर बसले होते, चेहरा उतरलेला, पण माझ्याकडून प्रयोगशाळेतली सगळी हकिगत काढून घेतली. कोणी बाटल्या धुतल्या, फॉर्मॅलिनचा डबा कुठं ठेवला. निघताना म्हणाले, "दक्षिणेला गेलीस की तिकडचा एक मुठा माझ्यासाठी बघून ठेव. बाटलीत नको, नुसता बघ आणि सांग." मी म्हटलं, "बरं." त्यानंतर पाचव्या दिवशी सरळगावच्या स्टँडवर तो फोन आला.

परदेशाची मुदत त्यांच्या मृत्यूनंतर दोन दिवसांनी संपली. मामांच्या जाण्याचं निमित्त मला पुढं करता येईल, कोणी हरकतही घेणार नाही. पण त्या दोन दिवसांत मी तीन वेळा त्या पत्रापर्यंत जाऊन परत आले आहे, ते मला माहीत आहे.

दहाव्याला गेले. नदीवरून माणसं परत आल्यावर मामी माझ्याजवळ येऊन बसल्या. रडून आवाज बसला होता. म्हणाल्या, "तुझं लय सांगत होते गो. गावात ज्याला त्याला. पोरीनं जागा मोकळी केली, कोणाचं तरी भलं होईल, असं." मला वाटत होतं, त्यांनी माझ्या निवडीचं सांगितलं असेल, परदेशाच्या पत्राचं सांगितलं असेल. त्यांनी गावभर सांगितलं ते मी न केलेलं काम. मी मान खाली घालून बसले. मामींना खरं सांगावं असं वाटलं, पण त्या घरात त्या दिवशी ते सांगणं म्हणजे माझं ओझं त्यांच्या डोक्यावर देणं झालं असतं.

परतीच्या गाडीत ती ओळ लिहिली. सोबत विचारलं की आता या जागेवर कोणाला घेता येईल का. चार दिवसांनी उत्तर आलं, फार सभ्य भाषेत. मुदतीत उत्तर न आल्याने जागा रद्द झाली आहे, यादी बंद केली आहे, प्रतीक्षेतल्यांना तसं कळवलं आहे, पुढील वाटचालीला शुभेच्छा. ते कोण होतं, कुठल्या गच्चीवर उभं होतं, मला कधीच कळणार नाही. कॉलेजच्या अंकासाठी मामांबद्दल चार चांगले शब्द लिही, असं मला सांगितलं गेलं तेव्हा मी हो म्हणाले ते यासाठीच. ते गावभर माझं कौतुक करून गेले, ते खरं नव्हतं, एवढं तरी कुठेतरी छापून यावं.

गेल्या आठवड्यात प्रयोगशाळेतलं माझं कपाट रिकामं करायला घेतलं. ती मोठ्या तोंडाची बाटली तशीच उभी होती. लेबलावर मामांचं पेन्सिलीतलं अक्षर, ओढ्याचं नाव, माझं नाव, तारीख मोकळी. लेबल जपून ठेवावं असं फार वाटलं, सोलायचा प्रयत्नही केला, पण त्यांनी खळ घट्ट लावली होती. आणि लेबल असलेली बाटली कोणी उचलत नाही. शेवटी पाण्यात भिजत घातली. कागदाचा लगदा झाला, अक्षर गेलं. बाटली घासली, पुसली आणि खिडकीच्या कट्ट्यावर उपडी ठेवली. मला वाटलं होतं तेवढं बरं काही वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी पहिल्या वर्षाची प्रात्यक्षिक परीक्षा होती. मी टेबलावर याद्या लावत होते. एक मुलगी खिडकीपाशी घुटमळत होती, मग घाबरत माझ्याकडे आली. "मॅडम, ती मोठी बाटली घेऊ का?"

"उपडी हाय ना?" मी म्हणाले. "मग इचारतेस काय?"